बापाचे लंगडणे आणि लेकरांची चाल

(शास्त्रपाठ: उत्पत्ति ३२:२२ ते ३३:१७ व योहान ९:१ ते २३)



बहुतेक प्रत्येक मंडळीत असे एखादे लेकरू असते. वय नऊ, दहा, बारा. महिनोन्महिने त्याचे पोट दुखते, नाहीतर डोके ठणकते, नाहीतर हातपाय दुखतात. डॉक्टरांना दाखवून झालेले असते. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली, औषधे झाली. कागदावर सर्व ठीक. लेकराचे दुखणे मात्र थांबत नाही. मग रविवारी उपासना सुटल्यावर देवळाच्या आवारात लोक बोलू लागतात. कोणी म्हणतो, शाळा बुडवायला नाटक करतो. कोणी म्हणते, आईने लाडावून ठेवला आहे. आणि कोणी आवाज खाली करून म्हणते, त्या घराण्यातच काहीतरी आहे. आजीचे डोके जन्मभर दुखत होते, आता नातवाला लागले. कोण जाणे कोणाचे पाप भोवते आहे.

या तिसऱ्या बोलण्यात अर्धे सत्य आहे आणि अर्धे विष आहे. दुखणे घराण्यात चालते हे पुष्कळदा सत्य असते. ते कोणाच्या तरी पापाचे फळ म्हणून चालते हे विष. दोन्ही एकाच घोटात पाजल्यामुळे बिचाऱ्या आईबापांना ती वेगळी करता येत नाहीत. ते काम आज आपण शास्त्राच्या आणि डॉक्टरी ज्ञानाच्या उजेडात करू या.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला जो प्रश्न विचारला तो शब्बाथ शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. दोष या माणसाचा की त्याच्या आईबापांचा, असा त्या प्रश्नाचा रोख होता. शिष्य दुष्ट नव्हते. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात तिसऱ्या-चौथ्या पिढीविषयी जे लिहिले आहे ते त्यांनी लहानपणापासून ऐकले होते. पण यहेज्केलाचा अठरावा अध्याय त्यांना त्या वेळी आठवला नाही. आंबट द्राक्षांची जी म्हण लोक आपल्या बापजाद्यांवर ढकलण्यासाठी वापरीत, ती देवाने तेथे मोडीतच काढली आहे. प्रभूने शिष्यांचे दोन्ही पर्याय नाकारले, आणि मग वाद न घालता खाली वाकून माती कालवली.

याच अध्यायात पुढे एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. परूश्यांनी त्या माणसाच्या आईबापांना बोलावून त्यांची उलटतपासणी घेतली. सभास्थानातून काढून टाकतील या भीतीने ते इतके गांगरले की, मुलगा मोठा आहे, त्यालाच विचारा, एवढेच बोलून मोकळे झाले. आजारी लेकराच्या आईबापांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याची रीत अशी फार जुनी आहे. आपल्या मंडळीत आज कोणी काढून टाकीत नाही. पण लोकांच्या नजरेमुळे एखादी आई उपासनेला यायची थांबली, तर फरक तो किती?

आता डॉक्टर काय म्हणतात ते पाहू. तीन महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्या किंवा पुन्हापुन्हा येणाऱ्या दुखण्याला ते दीर्घकालीन वेदना म्हणतात. देशोदेशीच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या तर सुमारे पाच मुलांत एकाला असे काही ना काही दुखणे असते. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात पाच-सहा जण. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्याबरोबर हेही स्पष्ट केले की, एखादा माणूस मला दुखते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. तपासणीत काही सापडले नाही याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. नाटकाचा आरोप येथेच संपतो, निदान संपायला हवा.

घराण्याचा प्रश्न उरतो. काही दुखण्यांत तो अगदी स्वच्छ आहे. बडोदे व इंदूरकडच्या आपल्या वाचकांना सिकलसेलची ओळख वेगळी करून द्यायला नको. गुजरात आणि मध्य प्रदेशातील आदिवासी पट्ट्यात, नंदुरबारकडे, विदर्भात हा रोग कित्येक कुटुंबांत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि लेकराची हाडे, छाती, पोट असे दुखते की मोठा माणूसही सहन करू शकणार नाही. थंडी, पाणी कमी पडणे, ताप ही त्याची नेहमीची निमित्ते. हा रोग होण्यासाठी बिघडलेले जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावे लागते. दोघे केवळ वाहक असतील तर ते स्वतः बहुधा धडधाकट असतात. त्यांच्या प्रत्येक गरोदरपणात रोगी बाळ होण्याचा संभव चारात एक. तेव्हा सुनेने रोग घरात आणला असे म्हणणाऱ्या सासूने हे नीट ऐकावे: तिच्या मुलानेही तेवढाच वाटा दिला आहे, आणि त्याला तो तिच्याकडून किंवा तिच्या नवऱ्याकडून मिळाला आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तिच्यात रक्ततपासणीवर भर आहे. लग्न ठरवण्याआधी ही तपासणी करून घ्यावी असे त्या भागातल्या पाळकांनी व वडीलजनांनी सांगितले तर ते अविश्वासाचे लक्षण होणार नाही. रोग असलेल्या मुलांसाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे आणि त्याने पुष्कळांचे वेदनेचे झटके कमी होतात.

पण पोटदुखी, डोकेदुखी, अंगदुखी यांचे गणित इतके सरळ नाही. तेथे एकच जनुक नसते. पुष्कळ जनुके थोडा थोडा हातभार लावतात. जुळ्यांच्या अभ्यासावरून अर्धशिशीत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ४० ते ५० टक्के धरतात. काही मुलांत तर ही अर्धशिशी डोक्यात न येता पोटात येते. बेंबीभोवती दुखते, तोंड पांढरे पडते, उलटी होते, आणि काही तासांनी मूल खेळू लागते. अशा मुलाच्या आईला किंवा आजीला पुष्कळदा अर्धशिशी असते. देवळाच्या आवारातली ती बाई आजीविषयी बोलली ते खोटे नव्हते. खोटा होता तो त्यातून काढलेला निष्कर्ष.

वेदना ही शरीराची घंटा आहे, आणि काही घराण्यांत ती घंटा जन्मतःच हलक्या हाताने वाजणारी असते, असे समजा. याचा एक विलक्षण पुरावा आहे. २००४ साली चीनमधील शास्त्रज्ञांना एका जनुकात असा बदल सापडला की ज्यामुळे काही कुटुंबांतील माणसांचे हातपाय आगीसारखे जळतात. २००६ साली त्याच जनुकात दुसऱ्या प्रकारचे बदल पाकिस्तानातील काही कुटुंबांत सापडले. तेथल्या मुलांना वेदना मुळीच कळत नव्हती. सुख वाटेल कोणाला. पण ती मुले स्वतःची जीभ चावून घेत, हाडे मोडली तरी चालत राहत. वेल्लोरच्या मिशन इस्पितळात कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड हेच जन्मभर सांगत आले. बधिर हातापायांची झीज होते ती मुख्यतः वेदना नसल्यामुळे. तेव्हा ज्या लेकराची घंटा फार वाजते ते शापित नव्हे. त्याची घंटा फक्त जास्त संवेदनशील आहे.

मग सर्व काही रक्तातच आहे का? तसेही नाही. २००१ साली अमेरिकेत रोना लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो जुळ्यांची माहिती घेऊन आतड्यांच्या एका सामान्य दुखण्याचा, डॉक्टर ज्याला आयबीएस म्हणतात त्याचा, अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्यांत एकाला हे दुखणे असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण सुमारे १७ टक्के निघाले, साध्या जुळ्यांत सुमारे ८ टक्के. रक्ताचा वाटा दिसला. पण आणखी एक दिसले: जुळ्या भावंडाला दुखणे असण्यापेक्षा आईला किंवा बापाला ते असणे याचा प्रभाव जास्त होता. जनुके तर जुळ्या भावाची तेवढीच किंवा जास्त जुळतात. म्हणजे लेकरू घरात पाहून पाहूनही काही शिकत असते. नॉर्वेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीतही असेच दिसले: आईबापांना दीर्घ दुखणे असेल तर किशोरवयीन मुलांतही ते अधिक आढळते, आणि दोघांनाही असेल तर त्याहून अधिक.

येथे आपण आपल्या शास्त्रपाठाकडे येऊ. याकोबाच्या जांघेचा सांधा यब्बोकाच्या काठी निखळला. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत होता. त्याच दिवशी चारशे माणसे घेऊन एसाव समोरून आला. याकोबाने बायकामुलांना रांगेने मागे ठेवले आणि आपण पुढे झाला, व सात वेळा जमिनीपर्यंत वाकला. दुखरी जांघ घेऊन सात वेळा वाकणे म्हणजे काय हे कंबरदुखीच्या माणसाला विचारावे! लेकरांना त्या वेळी बापाचे तोंड दिसत नव्हते. त्याची चाल दिसत होती. बत्तिसाव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात तर असे सांगितले आहे की, त्या शिरेमुळे इस्राएल लोक जनावराच्या मांडीची ती शीर खात नाहीत. बापाचे दुखणे मुलांच्या ताटात आले. धर्म पाळणारे यहूदी हा नियम अजून पाळतात, आणि चीनमधल्या काईफेंग गावच्या यहूद्यांना तर शेजारी शीर काढणारे लोक याच नावाने ओळखत. एका माणसाच्या जांघेला धक्का लागला आणि सगळ्या वंशाची ती ओळख झाली. घरातल्या वेदनेचा प्रभाव याहून स्पष्ट कोठे लिहिला असेल असे आम्हांला वाटत नाही.

आणि याकोबाने आपल्या लेकरांना काय दाखवले? तो दुखणे लपवीत नाही, आणि दुखण्यामुळे मागेही राहत नाही. एसाव म्हणतो, चला बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, लेकरे कोवळी आहेत, दूध पाजणारी जनावरे आहेत, एक दिवस घाई केली तर मरतील. मी त्यांच्या पावलाने येतो. जांघेचा शब्दही काढत नाही. पण आम्हांला असे वाटते की, आदल्या रात्रीपर्यंत फक्त धावपळ करणाऱ्या या माणसाला लेकरांचे पाऊल कळले ते स्वतः लंगडू लागल्यावर. हे आमचे मत. शास्त्र तसे म्हणत नाही.

आजच्या आईबापांनी हे कसे घ्यावे? अमेरिकेतच २००६ साली लिन वॉकर व सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. पोटदुखीच्या व निरोगी मुलांना पोट भरेपर्यंत पाणी पाजले, म्हणजे पोटात थोडे अस्वस्थ व्हावे. मग आईला किंवा बापाला त्यांच्याजवळ बसवले. काहींना सांगितले, मुलाच्या दुखण्याची विचारपूस करा, कळवळा दाखवा. काहींना सांगितले, दुसऱ्या गोष्टी काढून त्याचे मन रमवा. काहींना काहीच सांगितले नाही. विचारपूस केली तेथे मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या. मन रमवले तेथे अर्ध्यावर आल्या. दुखणाऱ्या मुलांनी स्वतःच सांगितले की मन रमवल्याने बरे वाटले. आईबापांना मात्र वाटत होते की, मन रमवणे म्हणजे लेकराकडे दुर्लक्ष. त्याने अपाय होईल.

आया हे वाचून आपल्यालाच दोष लावून घेतील, अशी आम्हांला काळजी वाटते. तसे करू नये. लेकरू कण्हले की जवळ घेणे ही आईची रीत आहे आणि तापात, जखमेत, नव्या दुखण्यात तीच योग्य आहे. महिनोन्महिने चालणाऱ्या दुखण्यात मात्र दर तासाला कसे आहे रे आता, असे विचारल्याने लेकराचे लक्ष घंटेकडेच लागून राहते. याच्याऐवजी एकदा ऐकून घ्यावे, खरे मानावे, आणि मग शाळा, खेळ, जेवण, झोप ठरल्या वेळी चालू ठेवावी. घरातल्या मोठ्यांनीही आपल्या दुखण्याचे पारायण लेकरांसमोर कमी करावे. हे शिकवता येते. २०१० साली लेव्ही यांनी पोटदुखीच्या दोनशे मुलांचा अभ्यास केला, त्यांतल्या काहींना व त्यांच्या आईबापांना केवळ तीन बैठकांत अशा गोष्टी शिकवल्या, आणि त्या मुलांचे दुखणे त्याने कमी झाले.

परंतु हे सारे नीट तपासणी झाल्यावरचे आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात शूनेमच्या मुलाने शेतात डोके धरले, तेव्हा बापाने गड्याला सांगून त्याला आईकडे पाठवले आणि कापणी चालू ठेवली. दुपारपर्यंत लेकरू गेले. वजन घटत असेल, उंची थांबली असेल, ताप येत असेल, शौचात रक्त असेल, सांधा सुजत असेल, पहाटे डोके दुखून उलटी होत असेल, दुखण्याने झोपेतून जाग येत असेल, तर घराण्यातच आहे असे म्हणून घरी बसू नये. प्रभूनेही मार्काच्या नवव्या अध्यायात त्या मुलाच्या बापाला आधी विचारले की हे केव्हापासून होते. डॉक्टरसुद्धा तेच विचारील. म्हणून दुखणे केव्हा आले, किती वेळ राहिले, घरात आणखी कोणाला काय होते, हे एका वहीत लिहून न्यावे.

आता मंडळीविषयी. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आजी लोईस व आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढली आहे, आणि पहिल्या पत्रात तीमथ्याच्या पोटाची व वारंवारच्या दुखण्यांची. तीमथ्याला पोट कोणाकडून मिळाले ते पौल विचारीत नाही. तुझा विश्वास कमी पडतो असेही म्हणत नाही. तो उपाय सांगतो, तोही पोटासाठी थोडा द्राक्षारस. (या वचनावरून दारूबंदीचा वाद आपल्या मंडळ्यांत पुष्कळ झाला आहे, तो आज नको.) आणि दुखऱ्या पोटासकट त्याला इफिसाच्या मंडळीचे काम करू देतो. पौलाला स्वतःला काटा होता. तीनदा विनंती करूनही तो काढला गेला नाही. ज्याची प्रार्थना अशी राहिली तोच दुसऱ्याच्या पोटाविषयी सौम्यपणे लिहू शकला.

म्हणून लेकरासाठी प्रार्थना अवश्य करावी. पण दर रविवारी त्याला पुढे उभे करून, हात ठेवून, पुढच्या रविवारी बरे वाटले का असे सर्वांदेखत विचारू नये. दहा वर्षांचे मूल अशा वेळी दोनपैकी एक शिकते: बरे वाटते असे खोटे बोलावे, किंवा देव माझे ऐकत नाही. दोन्ही शिकवण आपल्याला नको आहे. घरी जाऊन आईबापांबरोबर प्रार्थना करा. नाताळच्या नाटकात त्याला भाग द्या आणि त्या दिवशी दुखलेच तर बदली कोण, हे आधी ठरवून ठेवा.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी थोडे व्यवहाराचे. मूल तीन रविवार आले नाही आणि चौथ्या रविवारी आले तर पहिला प्रश्न पोटाचा विचारू नका. सुवर्णवचन कोठवर झाले ते सांगा आणि शेजारच्या मुलाजवळ बसवा. मध्येच दुखू लागले तर त्याने काय करायचे, खुणेने सांगून बाहेर पाणी प्यायला जायचे की मागच्या बाकावर टेकायचे, हे त्याच्याशी एकट्यात ठरवा, आणि ते बाहेर गेले की वर्ग थांबवू नका. पाच मिनिटांनी परत आले तर जागा तीच ठेवा. सिकलसेलचे मूल असेल तर वर्गात पाण्याची बाटली जवळ असू द्या, हिवाळ्यात उघड्या पडवीत वर्ग घेऊ नका, आणि ताप किंवा छातीत दुखणे दिसले तर उपासना संपण्याची वाट न पाहता त्याच्या घरच्यांना उठवून दवाखान्यात पाठवा.